लडाखमधील मे-जूनचे हवामान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळ्यानंतर लडाखचे रस्ते खुले होऊ लागले की तिथल्या हवामानाविषयीच्या चौकशाही सुरू होतात. खाली दिलेली उत्तरे मे आणि जून या दोन महिन्यांपुरती आहेत. लडाख हे थंड वाळवंट आहे, त्यामुळे सपाटीवरच्या उन्हाळ्याचे ठोकताळे तिथे फारसे चालत नाहीत. हंगामी अंदाज वाचतानाही थोडी वेगळी नजर ठेवावी लागते.

लडाखमध्ये उन्हाळा नेमका कधी सुरू होतो?

याचे उत्तर तुम्ही किती उंचीवर आहात यावर अवलंबून आहे. खालच्या शाम भागात, म्हणजे खलत्से आणि दाह-हनूच्या बाजूला, जर्दाळूची झाडे एप्रिलमध्येच फुलतात. साधारण ३५०० मीटर उंचीवरच्या लेह शहरात उबदार दिवस मेच्या मध्यापासून जाणवू लागतात. चांगथांगच्या पठारावर, सुमारे ४५०० मीटर उंचीवरच्या त्सो मोरीरीजवळ, जून उजाडला तरी पहाटे पाणी गोठते. त्यामुळे ‘लडाखचा उन्हाळा’ असा एकच आकडा किंवा एकच तारीख सांगणारी माहिती जपूनच वाचावी. उंचीचा उल्लेख नसलेल्या तापमानाला या प्रदेशात फारसा अर्थ नसतो.

मे आणि जूनमध्ये लेहचे तापमान साधारण किती असते?

मे महिन्यात दिवसाचे कमाल तापमान सरासरी १६ ते १९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि किमान तापमान २ ते ५ अंशांपर्यंत उतरते. जूनमध्ये कमाल तापमान २१ ते २३ अंशांवर पोहोचते आणि रात्रीचे तापमान ७ ते ९ अंशांच्या घरात राहते. हे सरासरीचे आकडे आहेत. ढगाळ आणि वाऱ्याचे दोन दिवस आले की मे महिन्यातही दुपारचा पारा १० अंशांच्या आसपास अडकून राहू शकतो. त्यानंतर आकाश निवळले की दोन-तीन दिवसांत तो पुन्हा चांगलाच चढतो. नुब्रा खोऱ्यातील दिस्कित आणि हुंदर लेहपेक्षा काहीशे मीटर खाली असल्याने तिथे दोन-तीन अंश अधिक ऊब मिळते. कारगिल सुमारे २७०० मीटरवर आहे, त्यामुळे जूनमधील दुपारी तिथे खरोखर उकडल्यासारखे वाटू शकते. द्रास मात्र कारगिलपासून जवळ असूनही उंच आणि अधिक बर्फाळ आहे. ही दोन्ही गावे एकाच मार्गावर आहेत, एवढ्यावरून दोन्हीकडे एकच हवामान असेल असे समजू नये.

दिवस आणि रात्र यांत इतका फरक का पडतो?

हवा विरळ आणि कोरडी आहे, आकाश बहुतेक वेळा निरभ्र असते आणि जमिनीवर झाडझाडोरा जवळजवळ नाही. दिवसा सूर्याची उष्णता थेट खडकावर आणि मातीवर पडते, त्यामुळे जमीन भराभर तापते. सूर्य मावळल्यावर ती उष्णता रोखून धरायला हवेत पुरेशी वाफ नसते आणि वर ढगांचे आच्छादनही नसते, त्यामुळे जमीन तितक्याच वेगाने निवते. दिवस-रात्रीच्या तापमानात पंधरा अंशांचा फरक ही तिथली नित्याची गोष्ट आहे.

याचा एक परिणाम अनेकांच्या लक्षात येत नाही. दुपारी दोन वाजता उन्हात उभे राहिल्यास अंगातील स्वेटर काढावासा वाटतो आणि पाच पावले चालून भिंतीच्या सावलीत गेल्यास तोच स्वेटर पुन्हा चढवावा लागतो. वेधशाळा तापमान मोजते ते सावलीत, हवेशीर पेटीत ठेवलेल्या तापमापकाने. त्यामुळे अंदाजात लिहिलेले १८ अंश आणि उन्हात अंगाला जाणवणारी ऊब यांचा मेळ बसत नाही, आणि त्यात अंदाज चुकलेला नसतो.

हंगामी अंदाजात ‘तापमान सरासरीपेक्षा अधिक राहण्याची शक्यता’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ काय घ्यावा?

भारतीय हवामान विभाग एप्रिलच्या सुमारास एप्रिल ते जून या तिमाहीचा दृष्टिक्षेप जाहीर करतो, आणि त्यानंतर दर महिन्याच्या अखेरीस पुढील महिन्याचा अंदाज येतो. हे अंदाज शक्यतेच्या भाषेत असतात. मागील अनेक वर्षांच्या नोंदींचे तीन समान गट पाडले जातात: सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतके आणि सरासरीपेक्षा अधिक. कोणतेही विशेष संकेत नसतील तर प्रत्येक गटाची शक्यता एक तृतीयांश असते. नकाशावर एखादा प्रदेश ‘सरासरीपेक्षा अधिक’ या रंगात दिसतो तेव्हा त्या गटाची शक्यता एक तृतीयांशाहून वाढली आहे, एवढेच त्यातून कळते. ती वाढ थोडी असू शकते किंवा बरीच, आणि ते रंगाच्या छटेवरून पाहावे लागते.

त्यातही हा अंदाज संपूर्ण महिन्याच्या सरासरीचा असतो. जून सरासरीपेक्षा उबदार जाईल असे म्हटले, तरी त्याच जूनमध्ये खिंडीत दोन दिवस बर्फ पडून रस्ता बंद होऊ शकतो आणि तरीही महिनाअखेरीस अंदाज बरोबरच ठरतो. बियाणे, पाणी, मजूर किंवा मोठ्या कामांचे वेळापत्रक यांचा विचार करणाऱ्यांना हंगामी अंदाजाचा उपयोग आहे. अमुक तारखेला खारदुंग ला (‘ला’ म्हणजे खिंड) ओलांडायचा की नाही, हे मात्र त्यावरून ठरवता येत नाही.

‘जूनमध्ये पाऊस सरासरीच्या दुप्पट’ अशी बातमी आल्यास काळजी करावी का?

बहुतेक वेळा नाही. लेहमध्ये संपूर्ण वर्षात मिळून जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि बर्फ पडतो. मे आणि जून या प्रत्येक महिन्याच्या वाट्याला त्यातील मोजके मिलिमीटर येतात. हवामान विभागाच्या वर्गवारीत सरासरीपेक्षा ६० टक्के किंवा त्याहून अधिक पाऊस झाला की त्याला ‘अत्याधिक’ म्हणतात आणि ६० टक्क्यांहून अधिक तूट असली की ‘अतितुटीचा’ म्हणतात. सरासरीच जर ४-५ मिलिमीटर असेल, तर संध्याकाळी पडून गेलेली एक बऱ्यापैकी सर त्या महिन्याला ‘अत्याधिक’ ठरवते आणि ती सर तीन किलोमीटर पलीकडच्या खोऱ्यात पडली तर तोच महिना ‘अतितुटीचा’ ठरतो. जमिनीवर दोन्ही स्थितींत फरक जवळपास शून्य असतो. भरपूर पावसाच्या प्रदेशांसाठी आखलेली टक्केवारीची पट्टी वाळवंटाला लावली की असे होते. लडाखपुरते तरी टक्के बाजूला ठेवून मिलिमीटर पाहावेत आणि ते मिलिमीटर किती तासांत पडले हे त्याहूनही आधी पाहावे.

मग लडाखमध्ये पाऊस इतका कमी का पडतो?

नैर्ऋत्येकडून येणारे बाष्प मुख्य हिमालयाच्या दक्षिण उतारांवरच रिते होते आणि पलीकडे उतरणारी हवा कोरडी होऊन येते. हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. झोजी ला ओलांडताना हे डोळ्यांनी पाहता येते: काश्मीरकडच्या उतारावर सोनमर्ग-बालतालची झाडी आणि कुरणे दिसतात, द्रासपर्यंत थोडी हिरवळ साथ देते आणि कारगिलच्या पुढे उघडे, तपकिरी डोंगर सुरू होतात. शेते दिसतात ती केवळ ओढ्यांच्या काठाने, जिथे पाटाचे पाणी पोहोचते तिथे.

मे-जूनमध्ये जे काही ढग येतात ते कोठून येतात?

मुख्यतः पश्चिमेकडून. भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण आणि अफगाणिस्तानमार्गे येणारे पश्चिमी चक्रावात, म्हणजे ढग आणि बर्फ घेऊन येणारे कमी दाबाचे पट्टे, हिवाळ्यात लडाखला बर्फ देतात आणि त्यांची ये-जा मे महिन्यापर्यंत चालू राहते. उन्हाळा सरत जातो तसा वरच्या थरांतील पश्चिमी वाऱ्यांचा पट्टा उत्तरेकडे सरकतो आणि चक्रावातांची संख्या व जोर दोन्ही घटतात. म्हणून मेचा पहिला पंधरवडा जूनच्या पहिल्या पंधरवड्यापेक्षा अधिक बेभरवशाचा असतो. एखादा जोरदार चक्रावात जूनमध्येही येतो. तो आला की लेहमध्ये थंड वारा, ढगाळ आकाश आणि शिडकावा एवढ्यावर निभावते. ४८०० मीटरच्या वरच्या खिंडींत मात्र त्याच वेळी हिमवृष्टी होते.

एल निनोच्या वर्षांत पश्चिम हिमालयातील हिवाळी हिमवर्षाव वाढण्याकडे कल दिसून आला आहे. त्याचा धागा थेट जूनच्या हवामानापर्यंत ताणण्यात मात्र अर्थ नाही. जूनवर त्याचा परिणाम झालाच तर तो साठलेल्या बर्फामार्फत, म्हणजे ओढ्यांच्या पाण्यातून, दिसतो.

मोसमी पाऊस लडाखला पोहोचतो का?

नकाशावर पोहोचतो. मोसमी वाऱ्यांनी संपूर्ण देश व्यापण्याची सर्वसाधारण तारीख ८ जुलै आहे, म्हणजे मे आणि जून हे महिने त्याआधीचे. जुलै-ऑगस्टमध्ये बाष्पाचे काही लोट हिमालय ओलांडून पलीकडे येतात. मनाली मार्गाने येणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी: जूनअखेरीस लेह कोरडे असले तरी मार्गाचा हिमाचलमधला भाग तेव्हा पावसाच्या तोंडावर असतो. दरडी कोसळतात त्या बहुधा तिकडे.

जूनमध्येही बर्फ पडू शकतो का?

हो, आणि त्यात नवल काही नाही. तापमान उंचीप्रमाणे दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी घटते आणि कोरड्या हवेत ही घट जवळपास दहा अंशांपर्यंत जाते. खारदुंग ला ५३५९ मीटरवर आहे, म्हणजे लेहच्या सुमारे १८५० मीटर वर. लेहमध्ये पहाटे ७ अंश असतील, तर खिंडीत त्याच वेळी उणे ५ अंश किंवा त्याहूनही कमी तापमान असते. अशा वेळी लेहला भुरभुर पाऊस पडत असेल तर वर तोच बर्फ होऊन पडतो. चांग ला, तांगलांग ला आणि बारालाचा ला यांनाही हाच हिशोब लागू आहे. ५७९८ मीटरवरच्या उमलिंग लाविषयी तर वेगळे सांगायला नको.

नव्या बर्फापेक्षाही त्रासदायक ठरतो तो वितळून पुन्हा गोठलेला बर्फ. दिवसा रस्त्यावर उतरलेले पाणी रात्री गोठते आणि सकाळी डांबरावर काचेसारखा पातळ थर धरतो. तो डोळ्यांना दिसतही नाही. खिंड पहाटे फार लवकर गाठू नये आणि दुपारनंतर फार उशिराही ओलांडू नये. सकाळी नऊ ते दुपारी एक ही वेळ सर्वसाधारणपणे बरी.

रस्ते केव्हा खुले होतात?

यासाठी ठरलेली तारीख नाही. हिवाळ्यात किती बर्फ साठला आणि वसंतात किती वेळा नव्याने पडला यावर ते ठरते. सीमा सडक संघटना अलीकडच्या वर्षांत झोजी ला पूर्वीपेक्षा बरीच लवकर मोकळी करते. २०२३ मध्ये ही खिंड ६८ दिवसांच्या बंदनंतर १६ मार्चला खुली झाली आणि २०२५ मध्ये ३२ दिवसांनंतर १ एप्रिलला. मनालीकडचा मार्ग बारालाचा ला, तांगलांग ला अशा अधिक उंच खिंडींतून जातो. २०२० मध्ये सुरू झालेल्या अटल बोगद्याने रोहतांगची अडचण दूर केली, पण पुढच्या खिंडी आहेत तिथेच आहेत. झंस्करकडे नेणारी पेंझी ला अनेकदा आणखी उशिरा मोकळी होते. शिवाय ‘रस्ता खुला’ याचा अर्थ सुरुवातीला बहुधा एकेरी वाहतूक आणि वेळेचे बंधन असा असतो. बर्फाच्या दोन भिंतींमधून जाणारा तो रस्ता दुपारी वितळत्या पाण्याने चिखलाचा होतो.

मोबाइलवरील तापमान आणि प्रत्यक्ष तापमान यांत इतका फरक का दिसतो?

संगणकीय प्रारूपे जमिनीचे चौकोनांत विभाजन करून प्रत्येक चौकोनासाठी एकच सरासरी उंची धरतात. जगभरातील अनेक प्रारूपांत हा चौकोन १० ते २५ किलोमीटर रुंद असतो. भारताने मे २०२५ मध्ये सुरू केलेल्या प्रारूपात तो ६ किलोमीटरचा आहे आणि ही मोठीच सुधारणा म्हणावी लागेल. पण लेहचे खोरे आणि त्याच्या माथ्यावरील खिंड यांत सरळ रेषेत वीस-पंचवीस किलोमीटरचेही अंतर नाही, आणि उंचीतील फरक मात्र जवळजवळ दोन किलोमीटरचा आहे. चौकोन मोठा असेल तर खोरे आणि शिखर यांची सरासरी काढून प्रारूप एका काल्पनिक उतारावरचे तापमान सांगते. ते लेहला थंड पडते आणि खिंडीला उबदार.

यावर सोपा उपाय आहे. अॅपमध्ये त्या ठिकाणाची कोणती उंची धरली आहे हे दिसत असेल तर ती पाहावी आणि प्रत्यक्ष उंचीशी ताडून दर शंभर मीटरमागे अर्धा ते एक अंश कमी-जास्त करावा. हे गणित ओबडधोबड आहे, पण अॅपच्या आकड्यापेक्षा बरेच जवळ नेते. शक्य असेल तेव्हा हवामान विभागाच्या लेह केंद्राचे बुलेटिन पाहावे. २०२० मध्ये सुरू झालेले हे देशातील सर्वांत उंचावरचे हवामान केंद्र आहे आणि तिथल्या अंदाजकारांना खोऱ्यांचे स्वभाव ठाऊक आहेत.

दुपारनंतर इतका वारा का सुटतो?

सकाळी उन्हाने डोंगरउतार तापतात, त्यांच्यावरील हवा वर चढू लागते आणि तिची जागा घ्यायला खोऱ्यातील हवा धावते. दुपारपर्यंत हा प्रवाह इतका बळावतो की सिंधूच्या खोऱ्यात धूळ उडू लागते आणि हुंदरच्या वाळूच्या टेकड्यांवर उभे राहणे नकोसे होते. वरच्या थरांतील पश्चिमी वारे दुपारी खाली मिसळले की झुळका आणखी तीव्र होतात. सूर्यास्तानंतर उतार थंड होतात आणि वारा पडतो. मे महिन्यात हा नित्यक्रम विशेष जाणवतो, कारण माती कोरडी असते आणि शेतांत पीक अजून उभे नसते. तंबू ठोकणाऱ्यांनी आणि पँगाँगच्या काठी छायाचित्रे काढू इच्छिणाऱ्यांनी सकाळची वेळ धरावी. सरोवरातील डोंगरांचे प्रतिबिंब पाण्यावर लाटा उठण्यापूर्वीच मिळते.

विमाने सकाळीच का असतात, आणि उन्हाळ्यात ती रद्द का होतात?

एक कारण वर सांगितलेला दुपारचा वारा. लेहचा विमानतळ सुमारे ३२५६ मीटर उंचीवर डोंगरांच्या कुशीत आहे आणि तिथे आडव्या-तिडव्या झुळकांत उतरणे अवघड असते. दुसरे कारण उष्णता. हवा आधीच विरळ आहे, आणि तापल्यावर ती आणखी विरळ होते. मग इंजिनाचा जोर आणि पंखांची उचल दोन्ही कमी पडतात, त्यामुळे वजन कमी करावे लागते किंवा उड्डाण रद्द करावे लागते. जुलै २०२४ च्या अखेरीस लेहमध्ये वाढलेल्या तापमानामुळे अनेक उड्डाणे रद्द झाली होती. मे-जूनमध्ये हे क्वचित घडते. या महिन्यांत उड्डाणे रखडतात ती प्रामुख्याने ढग आणि कमी दृश्यमानता यांमुळे. परतीच्या प्रवासात पुढचे विमान त्याच दिवशी गाठायचे असेल, तर मध्ये एक दिवस मोकळा ठेवणे शहाणपणाचे.

आकाश निरभ्र असताना ओढ्यांना पूर कसा येतो?

हा पूर उन्हाचा असतो. दिवसभर वितळलेले बर्फाचे पाणी ओढ्यांना दुपारनंतर मिळते आणि हिमनदी जितकी दूर, तितका त्याचा लोंढा उशिरा येतो. काही ओढ्यांना सर्वाधिक पाणी संध्याकाळी किंवा रात्री असते. सकाळी घोट्याइतके पाणी वाहणारा नाला दुपारी चार वाजता दुचाकी आडवी करील इतका फुगतो. पँगाँगच्या वाटेवरील एका ओढ्याचे नावच ‘पागल नाला’ पडले आहे ते याच स्वभावामुळे. हवामानाच्या अंदाजात या पुराची नोंद नसते. ज्या दिवसासाठी ‘निरभ्र आणि उबदार’ असा अंदाज आहे, त्या दिवशी दुपारी ओढ्यांना पाणी अधिक असणार, असे उलटे वाचन करावे लागते. पुलाशिवाय ओलांडायचे नाले सकाळी अकराच्या आत ओलांडावेत.

तिथल्या शेतकऱ्यांना या अंदाजातून काय हवे असते?

पावसाचा अंदाज नव्हे, तर वितळण्याचा. लडाखमधील शेती पावसावर चालत नाही. ती हिमनद्या आणि साठलेला बर्फ यांच्या पाण्यावर चालते. जव, गहू, वाटाणा यांची पेरणी एप्रिल-मेमध्ये होते आणि नेमके तेव्हाच ओढ्यांना पाणी सर्वांत कमी असते. खालच्या उतारांवरील बर्फ संपत आलेला असतो आणि उंच हिमनद्या अजून वितळायला लागलेल्या नसतात. जूनअखेर पाणी मुबलक होते, पण पेरणीला ते उपयोगाचे नाही. म्हणून मे महिना थंड आणि ढगाळ गेला तर पर्यटक कुरकुरतात ती गारव्याविषयी आणि शेतकरी काळजी करतात ती कोरड्या पाटांविषयी. पाणी कोणत्या शेताला कधी सोडायचे हे अनेक गावांत अजूनही गावाने नेमलेला चुरपोन ठरवतो आणि टंचाईच्या मे महिन्यात त्याच्या निर्णयाला खरी किंमत येते.

ही फट भरून काढण्यासाठी दोन प्रयत्न लडाखमध्येच जन्मले. अभियंता चेवांग नोर्फेल यांनी ओढ्याचे हिवाळी पाणी सावलीच्या उतारावर संथ करून गोठवण्याची, म्हणजे कृत्रिम हिमनदीची, पद्धत रुजवली. पुढे सोनम वांगचुक यांनी गुरुत्वाकर्षणाच्या दाबाने पाणी उंच फवारून त्याचा शंकूसारखा बर्फाचा स्तूप उभारला. शंकूला आकारमानाच्या मानाने ऊन लागणारा पृष्ठभाग कमी असतो, म्हणून तो सपाट बर्फापेक्षा उशिरा वितळतो आणि एप्रिल-मेमध्ये पाणी देतो. हिवाळा पुरेसा थंड गेला नाही तर मात्र दोन्ही उपाय तोकडे पडतात. त्यामुळे मे महिन्याच्या पाण्याचा अंदाज बांधायचा असेल, तर एप्रिलच्या हंगामी नकाशाआधी मागील डिसेंबर ते मार्च कसे गेले ते पाहावे.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला ढगफुटीचा धोका असतो का?

कमी असतो. लडाखमधील सर्वांत भीषण ढगफुटी ५ आणि ६ ऑगस्ट २०१० च्या दरम्यानच्या रात्री झाली. तीत लेह आणि चोगलमसर परिसरात दोनशेहून अधिक जीव गेले. म्हणजे ती ऐन मोसमी काळातली घटना होती. तरीही तिच्यातील एक तपशील मे-जूनच्या अंदाजालाही लागू पडतो. त्या रात्री लेहच्या पर्जन्यमापकावर जेमतेम १२.८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. जो पाऊस खाली चिखलाचे लोट घेऊन आला तो मापकाच्या बाजूला, वरच्या उतारांवर पडला होता. मोजक्या मापकांच्या आधारे एवढ्या विस्तीर्ण, दुमडलेल्या प्रदेशाचा पाऊस सांगण्याला मर्यादा आहेत. उघड्या उताराच्या पायथ्याशी किंवा कोरड्या नाल्याच्या पात्रात, कोणत्याही महिन्यात, तंबू टाकू नये.

थंडी असताना ऊन इतके कसे भाजते?

अतिनील किरणांची तीव्रता दर हजार मीटरला साधारण १० टक्क्यांनी वाढते, त्यामुळे लेहमध्ये ती समुद्रसपाटीपेक्षा किमान तिसऱ्या हिश्शाने अधिक असते. जूनमध्ये सूर्य जवळपास डोक्यावर येतो आणि दिवस सव्वाचौदा तासांहून मोठा असतो. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, म्हणून खिंडीत हनुवटीखाली आणि नाकपुड्यांजवळही त्वचा भाजते. गार वाऱ्यामुळे भाजणे लगेच कळत नाही. बर्फावर गडद चष्मा चैनीसाठी नाही. त्याशिवाय काही तासांत डोळ्यांना हिमांधता येऊ शकते.

हवामान चांगले असेल तर विरळ हवेचा त्रास कमी होतो का?

नाही. हवेत ऑक्सिजनचे प्रमाण सगळीकडे सुमारे २१ टक्केच असते, मात्र हवेचा दाब लेहमध्ये समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के आणि खारदुंग लावर निम्म्याच्या आसपास असतो. छान ऊन पडले म्हणून तो वाढत नाही. विमानाने आल्यास पहिले ४८ तास लेहमध्ये विश्रांती घ्यावी.

पँगाँग आणि त्सो मोरीरी केव्हा मोकळी होतात?

सामान्यतः मे महिन्यात. सुरुवातीला काठावर पाणी आणि मध्ये बर्फाचे तुकडे असे दृश्य असते. जूनमध्ये पाणी निळे आणि मोकळे मिळते, पण काठावरची रात्र शून्य अंशांच्या आसपासच असते.

हानलेला तारे पाहण्यासाठी जून चांगला आहे का?

चांगला आहे, काही अटींवर. हानलेजवळ ४५०० मीटरवर भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे, ती तिथल्या कोरड्या आणि स्वच्छ आकाशामुळेच. जूनमध्ये आकाशगंगेचा दाट भाग मध्यरात्रीच्या सुमारास उंच येतो. पण रात्री लहान असतात, आणि पश्चिमी चक्रावाताचे विरळ ढग दोन-तीन रात्री वाया घालवू शकतात. अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडावेत आणि एका रात्रीवर भरवसा ठेवू नये.

या दोन महिन्यांतील कोणता काळ सर्वांत भरवशाचा म्हणता येईल?

माझ्या मते १० जून ते महिनाअखेर. चक्रावात ओसरलेले असतात, मोसमी बाष्प अजून आलेले नसते, खिंडी मोकळ्या असतात आणि ओढे फुगू लागले तरी जुलैइतके उग्र झालेले नसतात. गर्दी मात्र याच काळात सर्वाधिक असते. बर्फाने माखलेली शिखरे आणि रिकामे रस्ते हवे असतील, तर मेचा उत्तरार्ध निवडावा आणि बेतात दोन दिवस राखीव ठेवावेत.

अंदाज किती दिवस आधी आणि कितीदा पाहावा?

हवामान विभागाचा विस्तारित अंदाज दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांसाठी येतो. त्यातून हवेचा रोख समजतो. पाच ते सात दिवस आधी चक्रावात येतो आहे की नाही हे बऱ्यापैकी कळते. खिंड ओलांडण्याचा निर्णय मात्र आदल्या संध्याकाळच्या अंदाजावर आणि त्या सकाळच्या रस्त्याच्या स्थितीवर घ्यावा. इशाऱ्यांत हिरवा म्हणजे विशेष धोका नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे लगेच कृती करा. लडाखमध्ये पिवळा इशाराही हलक्यात घेऊ नये, कारण इशारा संपूर्ण जिल्ह्यासाठी असतो आणि जिल्ह्यातील सर्वांत उंच रस्ता बहुधा तुमच्याच वाटेवर असतो. पुढच्या मुक्कामी मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून लेह सोडण्यापूर्वी पुढील तीन दिवसांचा अंदाज कागदावर उतरवून घ्यावा आणि वाटेत भेटणाऱ्या उलट दिशेच्या चालकांना खिंडीची स्थिती विचारत जावे.